मतं मागत फिरलेली स्वयंपाकगाडी

मित्रांनो, मी एक जुनी स्वयंपाकगाडी आहे, आणि एका जागी उभे राहणे मला अजूनही जमलेले नाही. साउथ डकोटातल्या एका गव्हाच्या शेताच्या कडेला मला आणून ठेवले आहे. माझी चाके अर्धी मातीत गेली आहेत. आत कोंबड्या राहतात. वारा सुटला की माझ्या फळ्या करकरतात आणि कोंबड्यांना वाटते, गाडी निघाली. त्या घाबरून पंख फडफडवतात. त्यांना मी हसत नाही, कारण दर वेळी मलाही तसेच वाटते.

मला हाल्वर मोएन याने बांधले. त्याच्याकडे वाफेचे इंजिन आणि मळणीचे यंत्र होते. दर हंगामात तो वीसेक माणसांची टोळी घेऊन एका शेतावरून दुसऱ्या शेतावर जायचा आणि लोकांचा गहू मळून द्यायचा. या वीस माणसांना रांधून घालायचे म्हणजे शेतकऱ्याच्या बायकोचा जीव जायचा. म्हणून हाल्वरने एका मजबूत गाड्यावर पाइनच्या फळ्यांची लांबट खोली उभी केली. एका टोकाला लोखंडी चूल, मध्ये लांबच लांब टेबल, दोन्ही बाजूंना बाके आणि छपरातून वर निघालेले धुराडे. काम संपल्यावर त्याने आपल्या थोरल्या बहिणीला, सिग्नेला, बोलावले. ती आत चढली, इकडून तिकडे चालून आली आणि म्हणाली, "हाल्वर, ही गाडी आहे की शवपेटी? वारा कुठून येणार?"

"दोन खिडक्या आहेत की, ताई."

"चूल पेटव, दार लाव आणि तासभर बसून दाखव."

हाल्वरने मुकाट्याने आणखी दोन खिडक्या कापल्या. माझ्यातून जो काही वारा खेळला तो सिग्नेमुळे.

सिग्ने मोएन उंच होती, हात मोठे, जीभ त्याहून मोठी. तिने लग्न केले नव्हते. बोन नावाच्या ओढ्यापलीकडे तिची स्वतःच्या नावावरची जमीन होती. ती तिने एकटीने कसली होती आणि तिचा कर ती दर वर्षी स्वतः जाऊन भरत असे. मळणीच्या हंगामात मात्र ती माझ्यात राहायची. पहाट फुटायच्या आत चूल पेटायची. मग पाव, खारवलेले डुकराचे मांस, बटाटे आणि सफरचंदाचे केक. कधी तिच्या मुलखातल्या बटाट्याच्या पातळ पोळ्याही व्हायच्या. त्यांना ती लेफ्से म्हणायची आणि पुरुष त्या लोणी लावून गुंडाळून खायचे.

पाण्याची टाकी हाकणारा डूली नावाचा आयरिश माणूस रोज तिची खोडी काढायचा. "सिग्नेबाई, आजची कॉफी घोड्यांसाठी केलीय का?"

"नाही. घोडे याहून बरी मागतात."

सगळे खदखदून हसायचे, माझे बाक हलायचे, आणि तेवढ्यात इंजिनाची शिट्टी व्हायची. ताटे तशीच टाकून माणसे पळायची. एक शेत झाले की चाके लगेच दुसऱ्या शेताकडे. मला तेच आवडायचे. सकाळी कुठे उभी होते हे संध्याकाळी आठवू नये, असे ते दिवस होते.

सिग्नेच्या हाताखाली टिली होती. गॉटलीब राइमर्स या जर्मन शेतकऱ्याची ती मुलगी, सतरा वर्षांची. बटाटे सोलताना ती गायची. सिग्ने तिला म्हणायची, "अगं, गा, पण साली जाड काढू नकोस."

आता त्या ओढ्याचे सांगते. बोन ओढ्यावर पूल नव्हता. आमच्या वस्तीची गावसभा दर वर्षी मार्चमध्ये शाळेत भरायची आणि रस्ते, पूल, कर यांचे तिथे हात वर करून ठरायचे. हात फक्त पुरुषांचे. एका मार्चमध्ये सिग्ने पुलाची मागणी घेऊन सभेला गेली. तिला दाराजवळ उभे राहू दिले, बोलू दिले नाही. तिथे काय झाले ते तिने नंतर माझ्यात कणीक मळता मळता सांगितले. एकजण उठून म्हणाला होता, "एका बाईच्या जमिनीसाठी आम्ही सगळ्यांनी कर भरायचा? ओढ्याच्या उतारातून बैल जातात, बाईही जाईल." सगळे हसले होते आणि पुलाचा ठराव पडला होता.

ते बोलणारा माणूस गॉटलीब राइमर्स होता. सिग्नेने नाव घेतले नाही. पण टिलीचे गाणे मध्येच थांबले, कारण हे वाक्य तिने घरी जेवताना ऐकले होते.

त्याच वर्षी मळणीच्या दिवसांत ओढ्याला पाणी चढले. इंजिन आणि यंत्र लांबच्या वाटेने पुढे गेले होते आणि दुपारच्या जेवणाला मला पलीकडे पोचायचेच होते. चुलीवर बटाट्यांचे पाणी उकळत होते. घोडे उतारावरून खाली उतरले, माझे पुढचे चाक चिखलात बसले आणि मी एका अंगाला कलले. भांडे सरकले. टिलीने ते धरायला हात पुढे केला.

तिची किंकाळी मी कधी विसरले नाही. सिग्नेने तिला उचलून ओढ्यात नेले, कमरेइतक्या गार पाण्यात उभी राहिली आणि तिचा उजवा हात पाण्याखाली धरून ठेवला. "माझ्याकडे बघ, टिली. हाताकडे नको, माझ्याकडे बघ." डॉक्टर दूरच्या गावाहून आला. टिली वाचली. पण खांद्यापासून मनगटापर्यंत कातडी आवळून गेली आणि हात पुरता सरळ होईना. तिच्या बापाने तिला घरी नेले. हाल्वरशी तो एक शब्द बोलला नाही.

तेव्हापासून सिग्नेचा वेग बदलला. पूर्वी ती काम असेल तेव्हा धावायची. आता काम नसले तरी ती बसेना. पुसलेले टेबल पुन्हा पुसायची, दारात जाऊन ओढ्याच्या दिशेला बघायची, परत यायची. डूलीने एकदा खोडी काढून पाहिली. तिने फक्त त्याच्या ताटात बटाटे वाढले.

पुढच्या उन्हाळ्यात, म्हणजे १९१६ साली, हेस्टर पेल आली.

त्या नोव्हेंबरात आमच्या राज्यात एका गोष्टीवर मतदान होणार होते : बायकांना मताचा हक्क द्यायचा की नाही. मत देणार पुरुषच. म्हणजे हक्क नसलेल्यांनी हक्क असलेल्यांची मने वळवायची होती. त्यासाठी प्रत्येक तालुक्यात बायका कामाला लागल्या होत्या. आमच्या भागात हे काम हेस्टर पेलकडे होते. ती पूर्वी शाळेत शिकवायची. तिच्या बग्गीला पिवळे कापड बांधलेले होते. पिवळा हा त्या चळवळीचा रंग.

ती खाली उभी राहून हाल्वरला म्हणाली, "तुमची टोळी प्रत्येक शेतावर जाते. मला जेवणाच्या वेळी थोडं बोलू द्या."

"माझ्या गाडीत भाषण नाही," हाल्वर म्हणाला. "माणसं जेवायला बसतात, सभेला नाही."

हेस्टर परत वळली. तेव्हा आतून सिग्नेचा आवाज आला. "ए बाई, बटाटे सोलता येतात का?"

"येतात."

"खोटं."

हेस्टरचा चेहरा लाल झाला. "खोटं. पण शिकेन."

"मग वर ये."

हाल्वर वैतागला. "ताई, मला हाताखाली बाई हवी होती, पुढारीण नाही."

"ती बटाटेच सोलेल. आता बटाटे सोलताना तोंड मोकळं राहतं, त्याला मी काय करू?"

अशी ती माझ्यात आली आणि आम्ही निघालो. हेस्टरने केलेला पहिला पाव डूलीने टेबलावर आपटून पाहिला. "हाल्वर, हा यंत्रात जाऊ देऊ नकोस हां, दाते तुटतील." सगळे हसले. हेस्टरही हसली, आणि मला वाटते त्या दिवसापासून तिचे म्हणणे माणसांच्या कानात शिरू लागले. भाषणाचा मात्र तिने एकदाच प्रयत्न केला. जेवणानंतर बाकावर उभी राहिली, दोन वाक्ये बोलली, आणि तिच्या समोर तंबाखूचा धूर आणि रिकामी बाके एवढेच उरले. मागून डूली म्हणाला, "पेलबाई, मला पटवून उपयोग नाही. मी सदा वाटेवर. एका जागी राहत नाही म्हणून मला कुठेच मत नाही. तुमच्यासारखाच मी."

मग तिने वेगळे करून पाहिले. पाव फुगत असताना ती त्या त्या शेताच्या घरात जायची, मागच्या दाराने. दुपारी, पुरुष यंत्रावर असताना, त्या घरच्या बाईला, तिच्या सासूला, शेजारणीला माझ्यात कॉफीला बोलवायची. ज्या बाकांवर रोज वीस पुरुष बसून खायचे त्या बाकांवर या बायका अंग चोरून बसायच्या. सिग्ने त्यांच्यापुढे केक ठेवायची. एका म्हातारीने तो हातात धरला आणि इकडे तिकडे बघत म्हणाली, "आम्हाला कुणी असं बसवून वाढत नाही गं. उठून काहीतरी करावंसं वाटतं."

"बसा," सिग्ने म्हणाली. "मलाही बसवत नाही. पण तुम्ही बसा."

बोलणे सुरू व्हायचे ते मताचे नाहीच. विहिरीचे, शाळेतल्या मास्तरणीचे, दारू पिऊन येणाऱ्या दिराचे. हेस्टर विचारायची, "हे कुठे ठरतं?" बायका म्हणायच्या, "सभेत." "सभेत तुम्ही असता का?" रात्रीच्या जेवणाला त्यांचे नवरे माझ्यात बसले की सिग्ने त्यांना वाढता वाढता पुलाची गोष्ट सांगायची. पुढे काही म्हणायची नाही.

माझ्या धुराड्याला पिवळे कापड बांधले होते. काजळीने ते काळे व्हायचे. हेस्टर ते धुवायची, पुन्हा बांधायची. शेतामागून शेत मागे पडत होते, दिवस लहान होत होते, नोव्हेंबर जवळ येत होता. हेस्टरला झोप येईना, सिग्नेला बसवेना, आणि मला तर शेत संपायच्या आधीच पुढच्या वाटेचे वेध लागायचे.

मग राइमर्सची पाळी आली. त्याचा गहू वस्तीत सगळ्यात जास्त. डूली त्याच्या विहिरीवर पाणी भरायला गेला होता. तो निरोप घेऊन आला : गाडीवरचे पिवळे फडके काढले नाही, तर राइमर्स दुसऱ्याचे यंत्र बोलावणार.

हाल्वर धावतच माझ्याकडे आला. "ताई, तो गेला तर बाकीचे जर्मनही जातील. माझा हंगाम बुडेल. टोळीला मी काय देऊ? काढ ते कापड."

सिग्नेने पीठ लागलेले हात पुसले. शिडी लावली, वर चढली आणि कापड सोडून आणले.

हेस्टरचा विश्वासच बसेना. "तुम्ही घाबरलात, सिग्नेबाई?"

"हो."

"एका फडक्यासाठी?"

"फडक्याचं काय घेऊन बसलीस?" सिग्ने म्हणाली. तिचा आवाज इतका खाली गेलेला मी कधी ऐकला नव्हता. "त्या घरात टिली आहे. वर्षभर मला त्या दारात जायची भीती वाटतेय." मग तिने हेस्टरकडे पाहिले. "त्याच्या शेतावर मताचं बोलायचं नाही. मला वचन दे." हेस्टरने ओठ आवळून होकाराची मान हलवली.

आम्ही राइमर्सच्या शेतावर पोचलो आणि पाऊस लागला. ओला गहू मळता येत नाही. यंत्र ताडपत्रीखाली, घोडे तबेल्यात, आणि टोळी सगळी माझ्यात. दुसऱ्या दिवशी पाऊस. तिसऱ्या दिवशीही पाऊस. पत्ते खेळून झाले, पत्त्यांवरून भांडून झाले. कुणी बूट आपटत होता, कुणी चाकूने माझ्या टेबलावर नाव कोरत होता. ओल्या लोकरीचा आणि कॉफीचा वास कोंदला होता. मी कधी इतकी भरलेली आणि इतकी अडकलेली नव्हते.

तेव्हा राइमर्स स्वतः आला. रुंद, पिकल्या मिशांचा माणूस. हॅट काढून टेबलावर ठेवली आणि आभाळाबद्दल हाल्वरशी बोलू लागला. डूलीला राहवले नाही. "राइमर्ससाहेब, तुमच्या शेतावर पेलबाईंच्या तोंडाला कुलूप लागलं, तेव्हापासून आमच्या पावात मीठ जास्त पडतंय."

माणसे हसली. राइमर्स हसला नाही. "बोलू दे की. मी घाबरत नाही. बायकांना मत मिळालं की त्या दारूबंदी आणणार, पहिली माझी बीअर जाणार. मग चर्चमधली आमची जर्मन भाषा जाणार. हे मला सांगायला बाई लागत नाही." मग तो सिग्नेकडे वळला. "आणि तुला कशाला हवं गं ते? जमीन आहे, घर आहे, डोक्यावर नवरा नाही. तुझं काय अडलंय?"

सिग्ने चुलीपाशी होती. तिचा हात पळीवर थांबला. हेस्टरने तिच्याकडे पाहिले, हाल्वरने पाहिले. उत्तर तिच्या तोंडाशी होते आणि ते गाडीत सगळ्यांना माहीत होते. पण ती बोलेना. बापाच्या तोंडावर त्याच्या मुलीचा भाजलेला हात तिला फेकून मारायचा नव्हता.

"ती नाही सांगणार, बाबा. मी सांगते."

टिली दारात उभी होती. डोक्यावर पोते घेतलेले, डाव्या हातात अंड्यांची टोपली. आईने पाठवली होती. तिने टोपली टेबलावर ठेवली.

"त्या सभेत मी असते तर मी पूल मागितला असता."

"तू पोर होतीस," राइमर्स म्हणाला. "तुला कोण विचारणार होतं?"

"मला नका विचारू. आईला विचारायचं होतं. आई त्याच उतारावरून बाजाराला जाते. मी लहान असल्यापासून जाते. तुम्ही सभेला निघताना ती तुमचा कोट झटकत होती. तेव्हा तिला एकदा विचारलंत का, की तुला काय वाटतं?"

छपरावर पावसाचा आवाज चालू होता.

"टिली, घरी चल."

"पाऊस थांबला की येते," ती म्हणाली आणि बाकावर बसली, सिग्नेच्या बाजूला.

राइमर्स वळला आणि दारातून पावसात उतरला. हॅट टेबलावरच राहिली. डूली ती घेऊन त्याच्यामागे धावला. सिग्नेने टिलीसमोर कॉफी ठेवली. टिलीने विचारले, "तुम्ही मला बघायला का आला नाहीत?" सिग्नेने तिच्या शेजारी बसून दोन्ही हातांनी तोंड झाकले. त्या सबंध वर्षात ती बसलेली मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

पाऊस उघडला, गहू वाळला, मळणी झाली. राइमर्सच्या शेतातून निघताना सिग्नेने पुन्हा शिडी लावली आणि कापड धुराड्याला बांधले. कोठाराच्या दारातून राइमर्स बघत होता. त्याने ते काढायला लावले नाही. हाल्वरनेही नाही.

मित्रांनो, नोव्हेंबरात काय झाले? आम्ही हरलो. आमच्या वस्तीत 'हो' म्हणणारे थोडे जास्त निघाले, पण राज्यात नाही. राइमर्सने काय केले ते कुणाला कळले नाही. गंमत अशी, की त्याच दिवशी त्याच पुरुषांनी दारूबंदीला मात्र होकार दिला. डूलीने कपाळाला हात लावला. "एकाही बाईचं मत न लागता बीअर गेली! आता दोष कुणाला द्यायचा?"

हेस्टर माझ्यात या टोकापासून त्या टोकापर्यंत फेऱ्या घालत होती. "सगळं वाया गेलं."

"वाया?" सिग्ने म्हणाली. "वर्षापूर्वी या वस्तीत माझी एकटीची कटकट होती. आता निम्म्या घरांतून ती चालू आहे. पुढच्या हंगामाला येतेस ना? पाव आता जरा बरा व्हायला लागलाय तुझा."

ती आली. पुढचा हंगाम आणि त्याच्या पुढचाही. १९१८ साली साथीच्या तापाने सभा बंद पाडल्या, तेव्हा या दोघी कुंपणापाशी उभ्या राहून घरातल्यांशी मोठ्याने बोलायच्या. कधी टिली बरोबर असायची. त्या नोव्हेंबरात आमच्या राज्याने बायकांना मत दिले. बातमी आली तेव्हा सिग्ने पीठ चाळत होती. तिने चाळण उलटी करून माझ्या टेबलावर ढोलासारखी बडवली आणि सगळीकडे पीठच पीठ झाले.

आता शेवटचे सांगते, आणि माझ्या आयुष्यातले मला सगळ्यात जास्त आठवणारे.

त्या हिवाळ्यात वादळाने शाळेचे छप्पर उडवले. मार्चमधली गावसभा कुठे घ्यायची? हाल्वर तेव्हा सभेचा अध्यक्ष होता. तो म्हणाला, "ताईची गाडी आहे, चूल आहे, बाके आहेत." म्हणजे बघा, मी आता 'ताईची' झाले होते. सभा माझ्यात भरली. एका बाजूला पुरुष, दुसऱ्या बाजूला बायका, आणि जागा न मिळालेले खिडक्यांबाहेर बर्फात उभे.

सिग्ने उठली आणि पुलाची मागणी मांडली. या वेळी कुणी तिला गप्प केले नाही. हाल्वर म्हणाला, "पूल हवा असेल त्यांनी हात वर करा."

सिग्नेचा हात आधीच वर होता. मग टिलीचा. ती नेहमी तो हात लांब बाहीत आणि शालीत झाकून ठेवायची. आता तिने शाल सोडली आणि उजवा हात जेवढा वर जात होता तेवढा, डोक्यापर्यंत, वर नेला. समोरच्या बाकावर गॉटलीब राइमर्स खाली बघत होता. त्याने मान उचलली, तिच्या हाताकडे पाहिले आणि आपला हात वर केला.

"पूल नको असेल त्यांनी," हाल्वर म्हणाला.

पुरुषांचे हात वर झाले. आणि बायकांमधलेही. त्यांत पहिला हात होता बेरितचा. बेरित म्हणजे हाल्वरची बायको, सिग्नेची सख्खी भावजय! हाल्वरने दोनदा मोजले. पुलाचा ठराव थोडक्या मतांनी पडला.

आत एकदम गलका झाला. हेस्टर पांढरी पडली. "बायकांनीच?" सिग्नेचा चेहरा मात्र लालबुंद. "बेरित! तुमच्यासाठी मी तीन हंगाम धूर खाल्ला, आणि तू माझाच पूल पाडलास?"

बेरित घाबरली होती, पण बसली नाही. "ताई, तू म्हणालीस मत दे. कुठलं दे, ते नव्हतं सांगितलंस. कर वाढला की माझ्या पोरांच्या बुटांवरच येतं. मला कुणी विचारलं होतं का?"

मला वाटले, आता सिग्ने तिला चुलीत घालणार. मग तिच्या तोंडातून काहीतरी फुटले. रडणे आहे की हसणे, ते आधी कुणाला कळेना. ते हसणे होते. ती हसत हसत चुलीकडे गेली, कॉफीचे भांडे उचलले आणि पहिला कप बेरितला दिला. "नाही विचारलं. वस्तीतल्या सगळ्या घरांत गेले, भावाच्या घरी तेवढी गेले नाही. तू धर हे. उद्या येते."

दुसऱ्या दिवशी ती खरोखरच बर्फातून बेरितकडे गेली. दोघी काय बोलल्या ते मला ठाऊक नाही. पण पुढच्या मार्चमध्ये जो पूल मंजूर झाला तो लहान होता, कर थोडा होता, आणि त्याचे लाकूड राइमर्सच्या झाडीतले होते. टिली पुढे त्याच गावसभेची चिटणीस झाली आणि पुष्कळ वर्षे राहिली. सभेला उशिरा येणाऱ्यांना ती फार बोलायची.

मग एकाच फेरीत कापणारी आणि मळणारी नवी यंत्रे आली. टोळ्या मोडल्या. वीस माणसांच्या जेवणाची गरज उरली नाही. सिग्ने गेली, हाल्वर गेला. मला विकले, मग पुन्हा विकले, आणि मी इथे आले. माझ्या टेबलावर कुणीतरी कोरलेले नाव अजून आहे. ते कुणाचे, हे विचारायला कुणी येत नाही.

मित्रांनो, मला रंग द्या असे मी म्हणणार नाही. लाकूड आहे, कधीतरी कुजणारच. पण ज्याच्यासाठी मी फिरले ते कुजू देऊ नका. तुमच्या गावात, गल्लीत, शाळेत जिथे कुठे चार माणसे बसून सगळ्यांचे ठरवत असतील, तिथे जा. आपल्या मनासारखे होणार नाही, असे समजून जा. हरलात तर ज्याने तुमच्याविरुद्ध हात वर केला त्याच्या घरी दुसऱ्या दिवशी जा. आणि घरातून निघण्याआधी, तुमचा कोट झटकणारे जे कोणी असेल त्याला एकदा विचारा, "तुला काय वाटतं?" उत्तर नीट ऐका. मग त्यालाही बरोबर घ्या आणि लवकर निघा. मागच्या बाकावरून ऐकू येत नाही.